स्टिरिओ चावीचं ऐकत नाही: लाल, पिवळी आणि काळी वायर कशी तपासायची

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवारी सकाळी स्टार्टच होत नाही. दुसऱ्या कुणाचा स्टिरिओ दर वेळी चावी फिरवली की बारा वाजल्याचं दाखवतो आणि लावून ठेवलेली सगळी स्टेशनं विसरलेला असतो. तिसऱ्याची गाडी कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरते, तो हेडलाइट लावतो आणि गाणं बंद पडतं. चौथा आवाज वाढवायला जातो तर स्क्रीन काळी होऊन कंपनीचा लोगो पुन्हा पहिल्यापासून सुरू. यातल्या बहुतेकांनी आधी बॅटरी बदललेली असते, मग स्टिरिओ बदललेला असतो, आणि दोष होता तिथेच असतो.

खराब स्टिरिओ क्वचित सापडतो. दोष असतो तो त्याला करंट आणून देणाऱ्या तीन वायरींत, आणि त्यातही लाल वायर कुठून घेतली आहे यात. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी या तीन वायरी तपासा. घरचं साधं मल्टिमीटर आणि इंडिकेटरचा एक बल्ब एवढ्यावर काम भागतं.

बाजारातल्या जवळपास सगळ्या स्टिरिओंना रंग ठरलेले आहेत. पिवळी थेट बॅटरीवरून येते आणि चावी काढली तरी तिच्यात करंट असतो. घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथला जोडलेले फोन हे सगळं तिच्यामुळे लक्षात राहतं, आणि ॲम्प्लिफायरचा जड करंटही तीच वाहते. लाल इग्निशनची, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारी. ती फक्त ‘आता जागा हो’ एवढंच सांगते, तिच्यातून करंट फार थोडा जातो. काळी अर्थ. नारिंगी पार्किंग लाइटबरोबर चालू होते आणि स्क्रीन मंद करते. निळी आणि निळी-पांढरी या दोन्ही स्टिरिओतून बाहेर जाणाऱ्या लाइन आहेत, एक अँटेनासाठी, दुसरी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला उठवण्यासाठी. या दोघींना बाहेरून करंट द्यायचा नसतो. तरी ‘एक वायर कमी पडली’ म्हणून यांच्यावर लाल जोडलेल्या गाड्या असतातच.

हे रंग स्टिरिओच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूला कंपनी हवे ते रंग वापरते, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका. जुन्या आयएसओ कपलरमध्ये, म्हणजे स्टिरिओच्या मागे बसणाऱ्या ठरलेल्या नमुन्याच्या प्लगमध्ये, चौथी पिन कायमच्या करंटची, सातवी चावीची आणि आठवी अर्थची, असा नियम आहे. पण फोक्सवॅगन गटाच्या कित्येक गाड्यांत चौथी आणि सातवी उलट सापडतात. बाजारात मिळणाऱ्या हार्नेसवर (तयार वायरींच्या जुडग्यावर) लाल आणि पिवळ्या वायरीच्या मधोमध दोन बुलेट जोड दिलेले असतात ते याचसाठी: ओढून काढायचे, अदलाबदल करून पुन्हा बसवायचे. बसवणारा घाईत असला की ते जसे आले तसेच राहतात.

लक्षण काय सांगतं

घड्याळ रोज बारावर जात असेल, पण चावीबरोबर स्टिरिओ नीट चालू-बंद होत असेल, तर लाल-पिवळी उलट आहे किंवा दोन्ही एकत्र पिळून इग्निशनवर दिली आहेत. गाणी वाजतात, म्हणून लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. हीच तक्रार अचानक एका दिवशी सुरू झाली असेल तर आधी गाडीतला छताचा दिवा लावून बघा. अनेक गाड्यांत तो दिवा आणि स्टिरिओची कायमची लाइन एकाच फ्यूजवर असते. दिवाही गेला असेल तर डॅशबोर्ड उघडायची गरजच नाही.

चावी काढली तरी स्टिरिओ चालूच राहतो, बटण दाबून बंद करावा लागतो, आणि चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, अशी तक्रार असेल तर लाल वायर कायमच्या करंटवर आहे. मुंबईत हा दोष लवकर उघडा पडतो, कारण इथे असंख्य गाड्या सोमवार ते शुक्रवार स्टॅक पार्किंगमध्ये वर चढवून ठेवलेल्या असतात आणि मालक लोकलने जातो. मात्र एक खात्री करा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं स्टिरिओ मुद्दाम चालू ठेवलेला असतो. तो दोष नाही.

सेल्फ मारताना स्टिरिओ क्षणभर बंद होऊन परत येतो, हाही बहुधा दोष नसतो. स्टार्टरला सगळी ताकद मिळावी म्हणून कित्येक गाड्यांत चावी ‘स्टार्ट’वर असताना एसीसीची (स्टिरिओसारख्या उपकरणांची, चावीच्या पहिल्या टप्प्याची) लाइन तोडलेली असते. पण परत आल्यावर स्टेशनं पुसलेली असतील तर पिवळीवरही व्होल्टेज पडतंय. तिथे बॅटरी म्हातारी झाली आहे का ते बघायला हवं.

हेडलाइट लावल्यावर स्टिरिओ बंद पडणं हे लक्षण मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते जवळजवळ पत्ताच सांगतं. बसवणाऱ्याला कपलरमध्ये अर्थची वायर हवी होती. टेस्टरने बघितलं तर दिव्यांच्या डिमरची वायर अर्थसारखी दिसली, म्हणून काळी तिच्यावर जोडली. दिवे बंद असेपर्यंत डॅशबोर्डच्या बारक्या बल्बांमधून तिला कशीबशी अर्थ मिळते. दिवे लावले की त्याच वायरीवर व्होल्टेज चढतं आणि स्टिरिओच्या पायाखालची जमीन जाते. काळी काढून गाडीच्या पत्र्यावर घट्ट बोल्टखाली द्या, प्रश्न संपला. हेडलाइट लावल्यावर स्क्रीन फक्त अंधूक होत असेल आणि गाणं चालू असेल तर ती नारिंगी वायर आपलं काम करते आहे. सेटिंगमध्ये जाऊन रात्रीचा प्रकाश वाढवा.

आवाज वाढवल्यावर रीस्टार्ट होतो तेव्हा एक तर अर्थ कच्ची असते किंवा पिवळी वायर बारीक असते. खोक्यावर 50 वॉट गुणिले चार छापलेलं असतं तो जाहिरातीचा आकडा. मागच्या फ्यूजवर 10 किंवा 15 अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावरूनच कळतं की सतत मिळणारी ताकद त्याहून फार कमी आहे. तरी तेवढा करंटही लाल वायरीसाठी असलेल्या केसाएवढ्या वायरीतून जाणार नाही. दोन्ही वायरी इग्निशनच्या एकाच बारीक लाइनवर दिल्या की हेच होतं.

खड्ड्यात आदळलं की बंद, पुढच्या खड्ड्यात परत चालू, असं होत असेल तर कपलर नीट बसलेला नाही किंवा पिळून टेप मारलेला जोड सुटला आहे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. उघडा आणि जोड नव्याने करा.

मल्टिमीटर फसवतो, बल्ब फसवत नाही

‘टेस्टरने बघितलं, बारा व्होल्ट येतायत’ हे वाक्य मेकॅनिककडून ऐकलं की पुढचा प्रश्न विचारा: लोड टाकून बघितलं का? आपल्या नळाचंच घ्या. नळ बंद असतो तेव्हा पाइपात प्रेशर भरपूर, उघडला की करंगळीएवढी धार. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे दहापैकी नऊ तार तुटलेल्या, हिरव्या पडलेल्या वायरीवरही तो 12.4 दाखवतो. तिच्यावर खरा भार टाकला की ते व्होल्टेज कोसळतं.

म्हणून इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो, आपल्या कामाला पुरेसा आहे. एअरबॅगच्या वायरींच्या मात्र वाटेलाही जाऊ नका. त्यांचे कपलर किंवा त्यांच्यावरची नळी पिवळ्या रंगाची असते. स्टिअरिंगच्या खाली किंवा डॅशबोर्डमागे अशी पिवळी गुंडाळी दिसली तर तिला बल्ब लावायचा नाही, मीटरही लावायचा नाही. कुठली वायर कशाची हे माहीत नसेल तिथेही बल्ब नको.

फ्रेम काढून स्टिरिओ बाहेर घ्या. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची असेल तर कंपनीच्या स्टिरिओला सिक्युरिटी कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, नाहीतर नंतर सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहावं लागेल. वायरी मोकळ्या झाल्या, कुठे टेकत नाहीत याची खात्री झाली, की बॅटरी परत जोडा आणि मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा.

काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग नसलेल्या पक्क्या पत्र्याला लावा. आधी बॅटरीवरच मोजा: विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास असते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला हवं. इथेच गडबड असेल तर स्टिरिओकडे वळूच नका. आता कपलरवर या. पिवळीवर चावीच्या प्रत्येक जागेवर बॅटरीएवढंच व्होल्टेज हवं. लालवर चावी ‘लॉक’ला असताना शून्य, ‘एसीसी’ आणि ‘ऑन’ला बारा. मग दोन्हींवर आळीपाळीने बल्ब लावा आणि तो पेटलेला असतानाच पुन्हा मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर वाटेत कुठेतरी जोड कुजलेला आहे.

चावी लॉकला असतानाही लालवर तीन-चार व्होल्ट दिसत असतील तर बल्ब लावून बघा. व्होल्टेज नाहीसं झालं तर ती नुसती गळती आहे, बहुधा नंतर बसवलेल्या कॅमेऱ्यातून किंवा ट्रॅकरमधून उलटी येणारी. पण असल्या अर्धवट व्होल्टेजवर स्टिरिओ ना झोपतो ना जागा होतो. ती उपकरणं एकेक करून सोडवली की दोषी कोण ते कळतं.

अर्थची परीक्षा वेगळी. स्टिरिओ जोडा, गाणं मोठ्याने लावा, मीटरचं एक टोक स्टिरिओच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. मुंबईत हा दोष मी पहिल्यांदा शोधतो, कारण खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. विंडस्क्रीनच्या खालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत झिरपतं. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी साचतं. गालिच्याखालचा बोल्ट तिथेच असतो. बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवीन लावा, घट्ट करा आणि वरून थोडं ग्रीस.

चावीच्या मागचा स्विच

लाल वायर बरोबर लाइनवर आहे, फ्यूज चांगला आहे, तरी स्टिरिओ मधेच जातो? गाणं चालू ठेवून चावी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. स्टिरिओबरोबर ब्लोअर किंवा पॉवर विंडोही डगमगत असेल तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले आहेत. चावीला घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवायची सवय या झिजण्याला मदत करते. कुलपात स्प्रे मारून दोन दिवस बरं वाटतं, नंतर पुन्हा तेच. बहुतेक गाड्यांत मागचा विजेचा भाग कुलपापासून वेगळा मिळतो. तेवढाच बदला, चाव्या बदलाव्या लागत नाहीत.

लाल वायर घ्यायची कुठून

पहिली पसंती गाडीच्या मूळ कपलरला, तोही गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा जोड-कपलर वापरून. ऑपेरा हाऊसच्या परिसरात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते मिळतात आणि स्टिरिओच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य असते. तो न वापरता कंपनीचा कपलर कापणाऱ्याला माझ्या मते गाडीला हात लावू देऊ नये. उद्या मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाला किंवा वॉरंटीचा प्रश्न आला तर ती कापाकापी तुमच्या अंगावर येते.

कपलरवर चावीची लाइनच नसेल तर फ्यूज बॉक्सकडे जा. फ्यूज टॅप नावाचा छोटा तुकडा मिळतो, तो एखाद्या एसीसी फ्यूजच्या जागी बसतो आणि वेगळ्या फ्यूजवर नवीन लाइन देतो. तो उलटा बसला तर नव्या लाइनचा करंटही जुन्याच फ्यूजमधून जातो, म्हणून फ्यूज काढून कुठल्या पायाला करंट येतो ते आधी बघा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू (कंट्रोलर), फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. बारा व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटची लाइन चालते, पण काही गाड्यांत ते सॉकेट चावीशिवायही चालू असतं. चावी काढून तपासा. वायपरच्या लाइनवरून घेतलेली लाल वायर मे महिन्यापर्यंत गुणी असते. जूनच्या पहिल्या सरीत वायपरच्या प्रत्येक फेरीला स्टिरिओ उचकी देऊ लागतो, आणि मालकाला वाटतं पाणी आत गेलं.

नव्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. तिथे स्टिरिओला ‘जागा हो’ हा निरोप वायरीने येतच नाही, कॅन बस नावाच्या डेटा लाइनवरून येतो. कपलरवर कितीही मोजलं तरी इग्निशनचा करंट सापडणार नाही, आणि न सापडल्यामुळेच बसवणारा दिसेल तिथून लाल उचलतो. अशा गाडीला कॅन बस डिकोडर लागतो. तो निरोप वाचून स्टिरिओसाठी लाल लाइन तयार करतो, शिवाय स्टिअरिंगची बटणंही चालू ठेवतो. डेटाच्या दोन पिळलेल्या वायरींवर बल्ब लावण्याचा मोह मात्र टाळा.

बाहेरचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची मुख्य वायर स्वतंत्रपणे बॅटरीवरून आणावी आणि बॅटरीपासून एका हाताच्या आत, साधारण 45 सेंटिमीटरवर, फ्यूज असावा. त्याला उठवायला निळी-पांढरी. साध्या निळीवर दिला तर गंमत होते: अनेक स्टिरिओंत ती फक्त रेडिओ लावल्यावर जागी होते, त्यामुळे विविध भारती दणक्यात वाजते आणि ब्लूटूथ लावलं की ॲम्प्लिफायर गप्प. उलट, छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरला निळी जोडायची राहिली तर शहराच्या मधोमध एफएम खरखरतं. जास्त उपकरणं एकत्र चालू करायची असतील तर रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, वापरा. त्याच्या पिनांवर आकडे असतात: 30 वर बॅटरीची फ्यूज लावलेली लाइन, 87 वरून उपकरणाला, 86 वर चावीची लाल, 85 अर्थला. रिलेची कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते, एवढा भार कुठलाही इग्निशन स्विच सहज सोसतो.

स्पीकरबद्दल एकच सांगतो. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला लावायची नाही, आताच्या स्टिरिओंत दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. स्पीकरची वायर दाराच्या बिजागरीपाशी सोलून पत्र्याला टेकली तरी स्टिरिओ स्वतःला वाचवायला ‘प्रोटेक्ट’मध्ये जाऊन बंद पडतो आणि लोक त्याला पॉवरचा दोष समजतात. चारही स्पीकर सोडवून बघा. मग चालू राहिला तर वायरी दारात तपासा.

रात्रीत बॅटरी कोण पितं

वरचं सगळं बरोबर असूनही बॅटरी बसत असेल तर गळती मोजावी लागते. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात, बॅटरीची निगेटिव्ह काढून मीटर मधे जोडायचा. बॉनेट आणि दार उघडं असलं तरी त्यांचे लॉक स्क्रूड्रायव्हरने मिटवून ठेवा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. मीटर मधे असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर चुकूनही नाही. अर्धा तास थांबा, गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात.

50 मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. 250 आला तर हिशोब असा: दिवसाला 6 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची, म्हणजे सहा दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी नकार देतो. आता स्टिरिओचा फ्यूज काढा. आकडा पडला तर दोषी तोच. स्वस्तातले अँड्रॉइड स्टिरिओ बंद दिसतात पण झोपलेले नसतात. सेटिंगमध्ये ‘स्लीप’ऐवजी पूर्ण बंद होण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, चालू व्हायला थोडा वेळ लागेल इतकंच. आकडा पडला नाही तर बाकीचे फ्यूज एकेक करून काढत जा. काम झाल्यावर मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरला राहिली आणि पुढच्या वेळी कुणी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेला तर तो थेट शॉर्ट सर्किट करतो.

जोडांचं काम सगळ्यात शेवटी करा, पण घाईत नको. पिळून काळी टेप मारलेला जोड बंद गाडीतल्या उन्हात चिकट होऊन घसरतो, मग पावसाळ्यात आतली तांब्याची तार हिरवी पडते. क्रिम्प करा (पक्कडीने दाबून जोडा) किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका दुकानात मिळतं. घरातल्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका, थरथरीने तिच्या जाड तारा तुटतात. पिवळी आणि काळी दीड चौरस मिलिमीटरची असावी. पार्किंगमध्ये उंदीर असतील, आणि मुंबईत ते असतातच, तर मोकळी लोंबणारी वायर ठेवू नका, प्लॅस्टिकच्या नळीत घालून बांधून टाका.

फ्रेम बसवण्याआधी इंजिन चालू करून हेडलाइट, वायपर, हॉर्न, ब्लोअर सगळं एकदम लावा आणि गाणं मोठं करा. मग इंजिन बंद, चावी बाहेर, दार उघडून बंद. थोडं थांबून पुन्हा चावी ‘एसीसी’वर. घड्याळ बरोबर वेळ दाखवत असेल तर स्क्रू लावा, नाहीतर काळ्या वायरीपासून पुन्हा सुरू करा.